एका खेडेगावच्या पाळकाची रोजनिशी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी खेड्याच्या धर्मग्रामावर कादंबऱ्या पुष्कळ झाल्या. पण रेव्हरंड फ्रान्सिस किलव्हर्ट (१८४०–१८७९) या अँग्लिकन धर्मगुरूंच्या रोजनिशीची सर त्यांना नाही, असे आमचे मत आहे. वेल्समधील क्लायरो येथे सात वर्षे सहायक म्हणून काढल्यावर १८७२ साली ते विल्टशरमधील लँगली बरेल येथे वडिलांच्याच हाताखाली आले आणि १८७७ साली हेरफर्डशरमधील ब्रेडवर्डाइनचे मुख्य धर्मगुरू झाले. या रोजनिशीत धर्मशास्त्र थोडे आहे. पायपीट, आजाऱ्यांच्या खाटा आणि माणसे फार.

१८७८च्या फेब्रुवारीतील दशमांश वसुलीचा दिवस पाहावा. ब्रेडवर्डाइनच्या धर्मगुरुनिवासात पन्नासएक देणेकरी जमले. काहींचे देणे अवघे नऊ पेन्स. पैसे भरायचे आणि मागच्या दालनात जाऊन पाव, चीज व बिअर यांचा समाचार घ्यायचा. भरले तेवढ्याचे खाऊन जाणारेही त्यांत होते! दशमांश हा तेथे स्वेच्छादान नव्हता. १८३६च्या कायद्याने तो रोख रकमेत ठरवून दिलेला होता आणि चर्चची पायरी न चढणाऱ्या जमीनधारकालाही तो चुकत नसे. एवढा कडवट व्यवहार किलव्हर्ट मिस्कीलपणे टिपतात. त्यामागील अन्यायाकडे मात्र त्यांची लेखणी वळत नाही.

लँगली बरेल येथे १८७४ साली चर्चमध्ये हार्मोनियम आली, तेव्हा गावच्या जमीनदाराची मर्जी खप्पा झाली. (पेटी आणि गायकवृंद यांवरून होणारे रुसवेफुगवे आम्हां धर्मगुरूंना नवे नाहीत.) वेदी धर्मगुरूची, पण गाव जमीनदाराचे, हे त्या प्रकरणातून जितके कळते तितके इतिहासग्रंथांतून कळत नाही.

आता अवघड भाग. लहान मुलींच्या रूपाची जी वर्णने किलव्हर्ट वारंवार करतात, ती आज वाचवत नाहीत. ‘त्या काळची भाषा’ म्हणून काही रसिक त्यांवर पांघरूण घालतात. आम्हांला ते जमत नाही. धर्मगुरूला घरोघरी मुक्त प्रवेश मिळतो तो केवळ विश्वासावर. ज्या उंबरठ्यावरून तो आजाऱ्याजवळ जातो, त्याच उंबरठ्याच्या आत मुले खेळत असतात. या बाबतीत मौन पाळण्याची किंमत किती भयंकर असते, हे आमच्या ख्रिस्तसभेने पाहिले आहे. म्हणून पुस्तक बाजूला ठेवा असे आम्ही म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून वाचा, असे म्हणतो.

१८७९च्या ऑगस्टमध्ये किलव्हर्ट विवाहबद्ध झाले आणि पाच आठवड्यांतच वारले. पत्नीने रोजनिशीचा काही भाग नष्ट केला, असे मानले जाते. उरलेल्या बावीस वह्यांतून विल्यम प्लोमर यांनी निवडक मजकुराचे तीन खंड १९३८ ते १९४० या काळात प्रसिद्ध केले. पुढे एका वृद्ध नातेवाईक स्त्रीने बहुतेक वह्या नाहीशा केल्या. शिल्लक राहिल्या त्या तीन.