‘नॅट्स’ची पायथन लायब्ररी : प्रतीक्षा आणि पोच

प्रस्तावना
संगणकीय संदेशवहनात प्रकाशक-वर्गणीदार ही पद्धत आता रूढ झाली आहे. तीत पाठवणारा आणि घेणारा यांची परस्परांशी ओळख असावी लागत नाही. दोघांना विषयाचे नाव ठाऊक असले की पुरते. या पद्धतीचा ‘नॅट्स’ हा सर्व्हर डेरेक कॉलिसन यांनी प्रथम रुबी भाषेत लिहिला. पुढे तो गो भाषेत नव्याने सिद्ध झाला. या सर्व्हरसाठी पायथनमध्ये लिहिलेल्या असमकालिक ग्राहक-लायब्ररीचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप व गुण
पायथन ३.४ (२०१४) मध्ये ‘असिंकआयओ’ आले आणि ३.५ (२०१५) मध्ये ‘अवेट’ हा शब्द भाषेच्या व्याकरणात आला. लायब्ररीची उभारणी याच पायावर आहे. एकाच थ्रेडवर अनेक वर्गण्या चालतात. प्रत्येक वर्गणीला तिची स्वतंत्र रांग असते. संपर्क तुटल्यास लायब्ररी आपणहून पुन्हा जोडणी करते व जुन्या वर्गण्या सर्व्हरकडे पुन्हा नोंदवते. थोड्या ओळींत एवढे साधणे, हे तिचे निर्विवाद यश होय.

मर्यादा
तथापि ‘अवेट’ म्हणजे नेमकी कशाची प्रतीक्षा, हा प्रश्न उरतोच. ‘पब्लिश’ची प्रतीक्षा संपली, याचा अर्थ संदेश पोहोचला असा नाही, तो स्थानिक साठ्यात पडला, एवढाच. टपालपेटीत टाकलेल्या पत्राची पोच मिळालेली नसते, तसेच हे. मूळ ‘नॅट्स’चे वचन संदेश ‘फार तर एकदा’ देण्याचे आहे. त्या वेळी वर्गणीदार नसेल, तर संदेश नाहीसा होतो. वर्गणीदार मंद असून त्याची रांग भरली, तर नवा संदेश टाकून दिला जातो. त्याची वार्ता केवळ त्रुटी हाताळणाऱ्या फलनाकडे जाते.

‘फ्लश’ केल्यास ‘पिंग’ला ‘पाँग’ मिळतो. त्यातून सर्व्हरपर्यंतची खात्री होते, वर्गणीदारापर्यंतची नव्हे. सर्व्हरच्या २.२ या आवृत्तीत (२०२१) आलेल्या ‘जेटस्ट्रीम’मध्ये मात्र संदेश साठवल्याची पोच मिळते. परंतु तेथेही क्रियेचे नाव ‘पब्लिश’च आणि तिच्या आधीचा शब्द ‘अवेट’च! दिसायला सारख्या अशा दोन ओळी दोन भिन्न वचने देतात. हाच या रचनेतील खरा दोष आहे.

समारोप
दर सेकंदाला येणाऱ्या तापमानाच्या नोंदींपैकी एखादी गळाली, तर पुढची नोंद ती उणीव भरून काढते. खात्यात रक्कम जमा करण्याचा आदेश गळाला, तर तो भरून काढणारे कोणीच नसते. तेव्हा पहिल्या प्रकारच्या कामास ही लायब्ररी आहे तशीच उत्तम; दुसऱ्या प्रकारात पोच मागून घेण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची आहे. प्रतीक्षा आणि पोच यांतील हा भेद विद्यार्थ्यांना पहिल्याच पाठात शिकवणे अगत्याचे आहे.