ट्रम्पेटच्या आडून

जोसेफ नाय यांनी १९९०च्या सुमारास ‘सॉफ्ट पॉवर’ ही संज्ञा रूढ केली. आज ती आपल्या वर्तमानपत्री भाषेतही मुरली आहे. योगदिन झाला, सॉफ्ट पॉवर. ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं, सॉफ्ट पॉवर. धाक किंवा पैसा न दाखवता, केवळ आकर्षणाच्या बळावर समोरच्याला आपल्या बाजूला वळवणं, असा तिचा अर्थ. नाय यांनी पुढे आकर्षण आणि बळ यांच्या मिश्रणाला ‘स्मार्ट पॉवर’ म्हटलं. जणू प्रश्न फक्त प्रमाण जमण्याचा आहे. योहान ग्रिमोनप्रे या बेल्जियन दिग्दर्शकाचा ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ (२०२४) हा अडीच तासांचा माहितीपट नेमका इथेच बोट ठेवतो.

ऑक्टोबर १९६०मध्ये लुई आर्मस्ट्राँग लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला पोचला. लोकांनी त्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवलं. त्याच शहरात काँगोचा निवडून आलेला पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा तेव्हा नजरकैदेत होता. दौरा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा. त्याच सरकारच्या सीआयएने लुमुंबाला ठार मारण्याचे बेत आखले होते, हे १९७५मध्ये सिनेटच्या चर्च समितीने नोंदवलं. जानेवारी १९६१मध्ये कटांगात लुमुंबाचा खून झाला.

हे सगळं का, याचं उत्तर माहितीपट जमिनीखाली शोधतो. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसाठीचं बरंचसं युरेनियम कटांगामधल्या शिन्कोलोब्वे खाणीतलं होतं. जुन्या चित्रफितींच्या मध्येच आजच्या आयफोनच्या आणि टेस्लाच्या जाहिराती येतात, तेव्हा सुरुवातीला दचकायला होतं. मग लक्षात येतं की काँगोतलं कोबाल्ट आपल्याच खिशात आहे.

माहितीपटाची रचना जॅझसारखी आहे. निवेदक नाही, ख्रुश्चेव्हच्या आठवणी, आन्द्रे ब्लुएँचं आत्मकथन, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं एकमेकांवर आदळत राहतात. पडद्यावर विधानांसोबत त्यांचे संदर्भही उमटतात. माझी तक्रार इथेच आहे. संदर्भ वाचून होण्याआधी पुढचा ठेका सुरू होतो. ड्रमच्या तालावर दोन दृश्यं जोडली की ती कारण आणि परिणाम वाटू लागतात. लॉग फाइलमध्ये दोन ओळी लागोपाठ दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं. आर्मस्ट्राँगच्या मैफलीने कटाला नक्की किती आडोसा दिला, हे हा माहितीपट सिद्ध करत नाही. तो ते वाजवून दाखवतो.

शिवाय कलाकार म्हणजे निव्वळ प्यादं, असं समजणंही अपुरं आहे. याच आर्मस्ट्राँगने १९५७मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेल्यावर आपल्याच सरकारवर जाहीर तोफ डागली होती आणि सोव्हिएत दौऱ्यावर जायला नकार दिला होता. बाहेर ज्या देशाचा चेहरा म्हणून त्याला मिरवायचं, त्याच देशाच्या दक्षिण भागात कित्येक हॉटेलांची दारं त्याला बंद होती.

नाय संस्कृतीला सत्तेचं ‘रिसोर्स’ म्हणतात. हा माहितीपट पाहिल्यावर तो शब्द निरुपद्रवी राहत नाही. काँगोचं युरेनियम जसं उपसलं गेलं, तसंच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेलं संगीतही. दोन्हींचा मालक तिसराच. हे साम्य दाखवणं हे या माहितीपटाचं खरं यश. ढिल्या दुव्यांसकट तो पाहायलाच हवा, तो त्यामुळेच.

कच्च्या मालाला मात्र बोलता येत नाही, माणसांना येतं. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी गायिका ॲबी लिंकन आणि ड्रमवादक मॅक्स रोच इतर निदर्शकांसह सुरक्षा परिषदेच्या सभागृहात घुसले आणि लुमुंबाच्या खुनाचा जाब विचारू लागले. त्यांना कुठल्याही खात्याने पाठवलेलं नव्हतं. त्या दिवशी जॅझ कुणाची सॉफ्ट पॉवर होती, याला नाय यांच्या कोष्टकात रकाना नाही.