उन्हाळी याद्या आणि वाचल्याची खूण

१८ मे २०२५ च्या रविवारी ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकी दैनिकासोबत उन्हाळ्याची एक पुरवणी आली. तीत सुट्टीत वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी होती. इसाबेल अलेंदे, अँडी वीअर, पर्सिव्हल एव्हरेट अशी वजनदार नावं त्यात होती. एव्हरेट यांना तर त्याच महिन्यात ‘जेम्स’साठी पुलित्झर जाहीर झालं होतं. प्रत्येक नावापुढे पुस्तकाचं शीर्षक आणि दोन-तीन वाक्यांत कथानक. अडचण एवढीच होती, की पंधरापैकी दहा पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. यादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली होती. ती लिहिणाऱ्याने तपासली नाही, पुरवणी पुरवणाऱ्या वितरण संस्थेने तपासली नाही आणि छापणाऱ्या दैनिकानेही नाही. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकातही तीच यादी गेली. लबाडी उघड झाली ती वाचकांमुळे.

या प्रकारावर जगभर हसून झालं. पण एक गोष्ट त्या हसण्यात निसटली. यादीतली शेवटची पाच पुस्तकं खरी होती. रे ब्रॅडबरी, फ्रान्स्वाज सगाँ, इयन मॅकइवन ही मंडळी त्यांत होती. या खऱ्या पाच पुस्तकांवरची टिपणं आणि खोट्या दहांवरची टिपणं शेजारी ठेवून वाचली, तर भाषेत काहीच फरक दिसत नाही. दोन्हीकडे तोच गुळगुळीतपणा, तीच मोघम स्तुती. म्हणजे न वाचता शिफारस करण्याची भाषा यंत्र येण्याच्या आधीच तयार होती. यंत्राने ती उचलली, एवढंच. तेव्हा प्रश्न यंत्राचा कमी आणि शिफारस नावाच्या लेखनप्रकाराचा जास्त आहे. एखाद्या शिफारशीत पुस्तक वाचल्याची खूण नेमकी कुठे असते?

मराठीत हा प्रश्न थोड्या वेगळ्या वाटेने येतो. उन्हाळ्याची यादी ही मुळात इंग्रजी प्रकाशनव्यवहाराची गरज आहे. तिकडे वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पुस्तकं बाजारात येतात, लोक जून ते ऑगस्ट सुट्टीवर जातात, आणि यादी या दोघांची गाठ घालून देते. आपलं साहित्यिक वर्ष असं चालत नाही. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपला हंगाम दिवाळीचा. नव्या लेखनाची चर्चा, खरेदी, भेटी हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिल-मेमध्ये मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या वाचत आला तो जुनं. वाचनालयातून आणलेलं, मामाच्या माळ्यावर सापडलेलं, पहिली चार पानं फाटलेलं, मागच्या दिवाळीचं उरलेलं. उन्हाळी वाचन ही आपल्याकडे शिळ्या पुस्तकांची मौज होती, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता.

आता २३ एप्रिलच्या पुस्तकदिनापासून शाळा सुरू होईपर्यंत मराठीतही याद्या येत राहतात. पण बाहेरून आणलेला साचा आणि इथला हंगाम यांचं जुळत नाही. त्या महिन्यांत पुरेशी नवी पुस्तकं हाताशी नसतात. मग रिकाम्या जागा भरायला हमखास नावं येतात. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’. मुलांसाठी ‘श्यामची आई’. यातल्या एकाही पुस्तकाशी माझं वैर नाही. पण ‘ययाति’ १९५९ चं आणि ‘पानिपत’ १९८८ चं. जी पुस्तकं कुठल्याही दुकानाच्या दर्शनी फळीवर आहेत, त्यांची शिफारस करून वाचकाला मिळतं काय? शिफारस करणाऱ्याला मात्र मिळतं. त्याला चुकायची भीती राहत नाही. नाव निर्विवाद असलं, की कारण द्यावं लागत नाही. शिकागोच्या यादीत पुस्तकं नव्हती, आपल्या यादीत बऱ्याचदा कारणं नसतात.

हे सगळं कुर्ल्यात बसून पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट वाचक असतो. त्याच्याकडे निवांत दुपार आहे, आरामखुर्ची आहे, पन्ह्याचा पेला आहे आणि महिन्याला दोन-तीन हजारांची पुस्तकं घेण्याची ऐपत आहे. कुर्ल्याचा मे महिना वेगळा. एक मे नेहरूनगरच्या एसटी आगारातून गावी जातो, दुसरा टर्मिनसवरून उन्हाळी विशेष गाड्यांना लटकून उत्तरेकडे जातो, आणि तिसरा इथेच राहतो. इथे राहणाऱ्याचं वाचन लोकलमध्ये होतं, नाहीतर रात्री पंख्याखाली, घरातले बाकीचे झोपल्यावर. तो वाचत नाही असं मुळीच नाही. पण त्याच्यासाठी पुस्तक ही महागडी निवड आहे. चारशे रुपयांचं पुस्तक फसलं, तर उन्हाळा गेला. ज्याला एकच पुस्तक घेता येतं त्याला यादीची गरज सर्वांत जास्त, आणि यादीला त्याचा विचार सर्वांत कमी.

आणखी एक यादी आहे, जिची चर्चा साहित्याच्या पानांवर फारशी होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात, आणि ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करत असतं. यादीत शेकडो शीर्षकं असतात. लेखक, प्रकाशक, किंमत. अभिप्राय कुठेच नाही. उपनगरातल्या क वर्गाच्या वाचनालयाच्या फळीवर काय येणार, यात या कोरड्या कागदाचा वाटा कुठल्याही समीक्षकाहून मोठा असू शकतो. ग्रंथपालाकडे पैसे मोजके आणि मुदत जवळ आलेली. अशा वेळी खरेदी यादीवर बोट ठेवून होते. ज्या पुस्तकाच्या बाजूने कुणी चार कारणं लिहिली नाहीत ते तिथे मागे पडतं. मग दुकानात संपलं, आवृत्ती निघाली नाही, की ते वाचकाच्या जगातून जातं. शिफारशीतला आळस असा शेवटी फळीवर येऊन पोहोचतो.

मराठीला चांगल्या शिफारशीची सवय नव्हती असं नाही. केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केलं ते पुस्तकांविषयी बोलण्यासाठीच. त्यात जयवंत दळवींचा ठणठणपाळ साहित्यिकांची टोपी उडवायचा आणि त्या टोपीखालचं पुस्तक वाचावंसं वाटायचं. खोडी काढायची तर पुस्तक वाचलेलं असावं लागतं. वाचल्याची पहिली खूण मला इथे दिसते: शिफारस करणाऱ्याला पुस्तकातलं काहीतरी खटकलेलं असतं. दुसरी खूण, पुस्तक कोणासाठी नाही हे तो सांगू शकतो. तिसरी, कारण त्या एकाच पुस्तकाला लागू पडतं. ‘मनाला भिडणारं’, ‘अंतर्मुख करणारं’ ही विशेषणं कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणून ती कुठल्याच पुस्तकाची नसतात. चौथी खूण साधी आहे. पुस्तक किती वेळ मागतं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

या चार खुणा दुसऱ्यांच्या याद्यांना लावायच्या तर आधी स्वतःच्या निवडीला लावून पाहायला हव्यात. म्हणून कुर्ल्यात राहणाऱ्या, मे महिन्यात कुठेही न जाणाऱ्या वाचकासाठी चार जुनी पुस्तकं.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. मुंबईच्या उपनगरांत आडनाव आणि स्वयंपाकघर विचारून आजही खोली नाकारली जाते. त्यामुळे ही कथा इतिहास म्हणून वाचता येत नाही. मला खटकतं ते बागुलांचं निवेदन काही जागी चढ्या सुरात जातं ते. प्रसंग पुरेसा असताना ते त्याच्यावर भाषण ठेवतात. दिवसाला एकच कथा वाचावी. झोपण्यापूर्वी नको.

जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एका कामगार कुटुंबाचं काय झालं, ते त्यात चाळीतल्या एका खोलीत घडतं. गिरण्या म्हटलं की आपण लालबाग-परळकडे पाहतो. पण १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्यातलीच बंद पडायला आलेली धरमसी मिल विकत घेऊन तिचं नाव ‘स्वदेशी’ केलं होतं. तीही बंद पडली, आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. म्हणून हे नाटक कुर्लेकरांना परकं नाही. नाटक वाचायची सवय नसलेल्याला पहिली दहा पानं पात्रांची नावं लक्षात ठेवण्यात जातील. नंतर ते सुटतं. दोन-अडीच तासांचं काम. कल्याणला जाऊन-येऊन संपू शकेल.

अण्णाभाऊ साठ्यांचं ‘माझा रशियाचा प्रवास’. अण्णाभाऊ म्हणजे ‘फकिरा’ हे समीकरण याद्यांनी इतकं पक्कं केलंय, की हे छोटं पुस्तक मागे राहतं. कुर्ल्याहून दुसरं स्टेशन घाटकोपर. तिथल्या चिरागनगरच्या झोपडीत राहणारा माणूस १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेला, त्याचं हे वर्णन. मराठी प्रवासवर्णन हा बराच काळ पगारी, सुखवस्तू माणसाचा प्रांत होता. इथे पाहणारी नजर वेगळी आहे. रस्ता, घर, जेवण हे अण्णाभाऊ ज्या कुतूहलाने पाहतात त्यामागे स्वतःची वस्ती उभी असते. मात्र यजमान देशाविषयी ते भारावलेले आहेत, तिथल्या दडपशाहीचा प्रश्न त्यांना पडत नाही. ज्याला चिकित्सक प्रवासवर्णन हवं त्याने हे घेऊ नये.

चौथं, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ चं. महिन्यामहिन्याने निसर्ग पाहणारं हे पुस्तक याद्यांत येतं, पण ‘निसर्गाचं काव्यमय दर्शन’ असं लेबल लावून. ते लेबल पुस्तकाचं नुकसान करतं. दुर्गाबाई आधी निरीक्षक आहेत. पान कधी गळतं, मोहोर कधी येतो, याचा हिशोब त्या ठेवतात. संस्कृत वळणाची भाषा आज जड वाटेल, आणि सलग वाचलं तर कंटाळा येईल. म्हणून सबंध पुस्तक आत्ता वाचायचंच नाही. चैत्र-वैशाखाचं तेवढं वाचावं, आणि मग रस्त्याच्या कडेचा बहावा कधी फुलतो ते पाहावं. पुढचा भाग पावसाळ्यात.

या चौघांतलं एकही पुस्तक नवं नाही. एकही मी ‘अवश्य वाचावं’ म्हणणार नाही. कुणाला बागुल नको असतील, कुणाला दुर्गाबाई. पण नको असेल तर का, हे वर दिलेल्या कारणांवरून ठरवता येईल, आणि वाचकाचे पैसे व वेळ वाचेल. शिफारशीचं काम तेवढंच आहे. वाचकाला नाही म्हणता आलं पाहिजे. ज्या शिफारशीला नाकारायला जागाच नसते ती जाहिरात असते.

एक आक्षेप येईल, की यादी ही यादी असते, तिच्याकडून समीक्षेची अपेक्षा कशाला? दैनिकाच्या पानावर दहा पुस्तकांना मिळून चारशे शब्द मिळतात, त्यात खटकलेलं काय आणि वेळ किती, हे कसं बसवायचं? आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तर असं, की पुस्तकं दहाऐवजी तीन घ्यावीत. दहा पुस्तकांची यादी यंत्र करू शकतं, हे शिकागोने दाखवलं. तीन पुस्तकं वाचून, त्यांतलं एक कुणाला आवडणार नाही हे सांगायला अजून माणूसच लागतो. आणि पुस्तकांच्या पानांना जागा कमी होत असताना, तिथे काम करणारी माणसं कमी होत असताना, हा मुद्दा शैलीचा राहत नाही. ‘सन-टाइम्स’मध्येही त्या पुरवणीच्या काही आठवडे आधी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडण्याचा मोबदला घेऊन निरोप घेतला होता. न वाचलेल्या पुस्तकांची यादी छापली जाते, कारण वाचण्याचे पैसे कुणाला द्यायचे नसतात.

वाचकाच्या हातीही काही आहे. पुढची यादी समोर आली की तिच्यातलं एकेक टिपण दुसऱ्या पुस्तकाच्या नावाखाली ठेवून पाहावं. तिथेही ते चपखल बसत असेल, तर ते सोडून द्यावं. आणि आपल्या वाचनालयात नसलेल्या, पण असायला हव्या अशा एखाद्या पुस्तकाचं नाव ग्रंथपालाकडे मागणीच्या वहीत लिहावं, शक्य तर एका ओळीत कारणही. खरेदीच्या वेळी ग्रंथपालाच्या हातात शासनमान्य यादी असतेच. शेजारी ती वही असली, तर निदान एका पुस्तकामागे ते वाचलेला माणूस असेल.