चार अक्षरांतला ‘मग’

‘साधं ग म भ न येत नाही’ असं आपण सहज बोलून जातो. पण ही चार अक्षरं शेजारी शेजारी मांडणाऱ्याची कारागिरी थांबून पाहण्यासारखी आहे. क ख ग घ ने सुरू होणारा वर्णमालेचा क्रम तोंडाचा, कंठापासून ओठांकडे येणारा. ग म भ न हा हाताचा. चारही अक्षरांच्या उजवीकडे उभा दंड. ग चा दंड सुटा; म मध्ये आडवी रेघ येऊन त्याला भेटते; भ म्हणजे जवळजवळ म च, फक्त माथ्यावरची रेघ तुटलेली; न मध्ये ती भेटायला येणारी रेघ तेवढी उरते. एकदा वळलेला हात पुढच्या अक्षरात आपोआप वळतो.

डोळ्यांना मात्र हाच सारखेपणा जड जातो. म आणि भ मध्ये चुकणारं मूल निष्काळजी नसतं, ते माथ्यावरची तेवढीच फट शोधत असतं.

आता या चौघांतून उगवणारे शब्द पाहा. गगन, नभ, मन, नमन, मनन, गमन. एकाही मात्रेशिवाय आभाळाला दोन नावं! मला हे फार सुंदर वाटतं, पण सहा वर्षांच्या मुलाच्या घरी गगनही नसतं आणि नभही नसतं, आभाळ असतं. त्याचा स्वतःचा शब्द या चार अक्षरांत एकच: मग.

पनवेलच्या एका पहिलीच्या वर्गात सतरंजीवर बसून मी तो शब्द वाचला जाताना पाहिला. बाईंनी फळ्यावर ‘मग’ लिहून ठेवला आणि भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सुरू केली. वाघ भेटला, बाई थांबल्या, बोट फळ्याकडे. म… ग… अशी दोन सुटी अक्षरं आली. सिंह भेटला, पुन्हा बोट. या वेळी शेवटच्या ग मधला अ मुलांनी गिळला आणि वर्ग एका सुरात म्हणाला, ‘मग?’ तो अ गळला त्या क्षणी अक्षरांचा शब्द झाला. मराठी वाचनाची सगळी किमया मला त्या गळण्यात दिसते. ‘म ला ग जोड’ असं कितीही सांगा, तो अ गळत नाही. शब्द ओळखीचा असला की आपोआप गळतो.

म्हणून या चौघांना पहिल्याच आठवड्यात एक काना द्यावा. लगेच मामा येतो, नाना येतो, नाग येतो. ‘मामा, नाग!’ हे तर पूर्ण वाक्यच झालं, भीतीसकट. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेत शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी हीच वाट धरली: थोडी अक्षरं, सोबत मात्रा, आणि लगेच अर्थाचे शब्द. बाराखडी संपेपर्यंत अर्थासाठी ताटकळणं नाही. ही निवड मला शंभर टक्के पटते.

काही आठवड्यांनी त्याच वर्गात पुन्हा गेलो. फळ्यावर ‘पाणी’ होतं. पुढे बसलेली मुलगी आगरी घरातली; आगरी बोलीत ण चा न होतो. तिने बोट फिरवलं आणि खणखणीत वाचलं, ‘पानी’. बाईंनी तिला थांबवलं नाही. फक्त विचारलं, ‘कुठं आहे गं?’ तिने कोपऱ्यातल्या माठाकडे हात केला.