‘ल बेक द्यु ओक’ : एका समुद्रचित्राच्या कालनिर्णयाविषयीं

झॉर्झ सेरा (१८५९–१८९१) या फ्रेंच चित्रकाराचें ‘ल बेक द्यु ओक, ग्राँकाँ’ हें समुद्रचित्र सन १९५२ पासून लंडन येथील टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. त्याच्या नांवापुढें बहुधा ‘सन १८८५’ एवढाच काल लिहितात, व बिंदुपद्धतीच्या उगमाचा पुरावा म्हणून तें पुढें करितात. चित्राच्या या उपयोगास आमचा आक्षेप आहे.

सन १८८५ च्या उन्हाळ्यांत सेरा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ग्राँकाँ येथें राहिला, तेव्हांचें हें चित्र. एक प्रचंड कडा समुद्रावर चोंचीसारखा पुढें झुकला आहे. ‘बेक’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच चोंच. क्षितिजाशीं बारीक शिडें दिसतात. मनुष्य कोठेंहि नाहीं. आतां रंगाचा थर पाहावा. कड्यावरील गवत आखूड, एकमेकांस छेदणाऱ्या फटकाऱ्यांनीं काढिलेलें असून त्यांवर ठिपके पडले आहेत. ठिपक्यांपैकीं कांहीं तरी मागाहूनचे आहेत, आणि भोंवतालची रंगीत किनार तर सुमारें तीन वर्षांनंतरची. पोथीच्या समासांत पुढें भर पडावी तसाच हा प्रकार. मात्र येथें हस्त एकच आहे, म्हणून यास प्रक्षेप म्हणतां येत नाहीं.

‘ग्रांद झात’ या त्याच्या सुप्रसिद्ध चित्राचा इतिहास असाच आहे : आरंभ १८८४, ठिपके १८८५–८६ च्या हिंवाळ्यांत, किनार १८८८–८९ च्या सुमारास. दोन्ही चित्रें १८८६ च्या आठव्या व शेवटच्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनांत मांडलीं गेलीं, व त्याच वर्षीं फेनेओं या टीकाकारानें ‘नव-इंप्रेशनिझम’ हें नांव रूढ केलें. तेव्हां ‘ल बेक द्यु ओक’ची साक्ष उगमाची नसून संक्रमणाची आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक मोलाची. शेव्रल (१८३९) व रूड (१८७९) यांच्या वर्णविषयक ग्रंथांवरून हें चित्र ‘सिद्ध’ झाल्यासारखें लिहिणाऱ्यांनीं खालचे फटकारे पाहिलेलेच नसावेत. शिवाय निळे व पिवळे ठिपके दूरून पाहिल्यास हिरवा होत नाहीं, करडेपणा येतो. सेरानें हिरवा रंग हिरवाच लाविला आहे.

आपले लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून तें नाहींसें करीत. सेराचे ठिपके खालचा थर झांकीत नाहींत. फटींतून पूर्वीचा पाठ वाचतां येतो. परंतु रंगहि सदा विश्वसनीय नव्हे. ‘ग्रांद झात’मधील जस्ताचा पिवळा रंग थोड्याच वर्षांत तपकिरी पडला, व ही तक्रार १८९२ इतकी जुनी आहे. छापील प्रतिकृतींवरून मत देणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि प्रतिकृतींतून किनार कातरणें म्हणजे समास कापून पोथी बांधण्यासारखेंच आहे.

प्रत्यक्ष स्थळाचीहि साक्ष आतां अपुरी आहे. जून १९४४ मधील दोस्तांच्या स्वारीच्या वेळीं या कड्यावर भयंकर बाँबवर्षाव झाला; तेथील खड्डे अद्याप दिसतात. उरलें तें लहान फळीवरचें पूर्वचित्र, जें ऑस्ट्रेलियांत कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्याच्याशीं थर ताडून पाहून ‘१८८५; पुनः संस्कार व किनार पुढील काळांतील’ अशीच नोंद या चित्राच्या नांवापुढें करावी.