शोधसूची आणि संबंधित नोंदींची रचना

शब्दकोशाला यंत्रशोध्य रूप देताना छापील नोंद कोणत्या आकृतिबंधात बसवावी, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञांवर सोपविला जातो. वस्तुतः तो भाषाशास्त्राचा प्रश्न आहे. २०१० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेची रचना तपासली असता हे ध्यानात येते.

या यंत्रणेच्या मुळाशी ल्युसीनची व्युत्क्रम सूची आहे. ग्रंथाच्या शेवटी असलेली शब्दसूची जशी शब्दावरून पृष्ठांक दाखविते, तशी ही सूची शब्दावरून नोंदींकडे नेते. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात माहिती पृथक् कोष्टकांत राहते आणि तिचा सांधा प्रश्नाच्या वेळी जुळविला जातो. शोधसूची हा सांधा शक्यतो टाळते, म्हणून ती शीघ्र उत्तर देते. हा तिचा गुण निर्विवाद होय. तथापि तिचा दोषही याच गुणाच्या पोटी जन्मतो.

उदाहरणार्थ, ‘माळ’ हा शब्द घ्यावा. पुल्लिंगी ‘माळ’ म्हणजे उजाड, मोकळी जमीन. स्त्रीलिंगी ‘माळ’ म्हणजे हार. एका नोंदीखाली लिंग व अर्थ यांच्या अशा दोन जोड्या दिल्या, तर यंत्रणा स्वभावतः त्या सपाट करते. लिंगांची एक यादी होते, अर्थांची दुसरी. कोणते लिंग कोणत्या अर्थाचे, हा संबंध सूचीतून नाहीसा होतो. मग ‘हार’ या अर्थाचे पुल्लिंगी शब्द मागितले असता ‘माळ’ पुढे येतो. यंत्रणा कोणतीही सूचना देत नाही. चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्याच वेषात येते.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. ‘बाग’ हा शब्द एकाच अर्थी ‘तो बाग’ आणि ‘ती बाग’ असा दोन्ही लिंगांत चालतो. ‘माळ’ या शब्दात लिंगभेद अर्थभेदक आहे, ‘बाग’ या शब्दात तसा नाही. सपाट सूचीत ही दोन्ही उदाहरणे सारखीच दिसतात. लिंगव्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने अशा सूचीवरून गणना केली, तर ज्या भेदाचा शोध घ्यावयाचा तोच आरंभी पुसला गेलेला असतो. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत लिंगनिर्देश आणि अर्थ यांचे नाते मजकुरातील स्थानावरून वाचकाला कळते. यंत्राला ते स्पष्टपणे सांगावे लागते.

त्यासाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत. ‘नेस्टेड’ रचनेत प्रत्येक अर्थ ही मूळ नोंदीलगत ठेवलेली स्वतंत्र, अदृश्य नोंद ठरते. संबंध टिकतो, पण एक अर्थ सुधारला तरी संपूर्ण नोंद पुन्हा सूचीबद्ध करावी लागते. ‘जॉइन’ रचनेत जनक व अपत्य नोंदी स्वतंत्रपणे बदलता येतात. मात्र दोन्ही एकाच शार्डमध्ये असाव्या लागतात आणि शोध मंदावतो. तिसरा मार्ग पुनरुक्तीचा: प्रत्येक अर्थाबरोबर शीर्षशब्द पुन्हा लिहावा. येथे शोध सुलभ होतो, परंतु मोजणी शब्दांची न होता अर्थांची होते.

यांपैकी कोणताही मार्ग सर्वथा श्रेष्ठ नाही. जो संबंध तोडल्यास विधानच असत्य होते, तो नोंदीच्या आत अभंग ठेवावा, हा निकष येथे ग्राह्य वाटतो. लिंग आणि अर्थ यांचा संबंध या जातीचा आहे. कोशातील अर्थ क्वचितच बदलतात, म्हणून त्यांना ‘नेस्टेड’ रचना योग्य. अवतरणांचा संग्रह मात्र सतत वाढतो. त्याला ‘जॉइन’ रचना अधिक मानवेल. सपाटीकरण हा यंत्रणेचा स्वभाव असला, तरी तो स्वीकारणे म्हणजे लिंग हा अर्थाचा नव्हे, तर केवळ शब्दरूपाचा धर्म आहे असे नकळत प्रतिपादन करणे होय. असे प्रतिपादन करावयाचेच असेल, तर ते प्रबंधात उघडपणे करावे. सूचीच्या रचनेत ते दडून राहू नये.