कण्या कशाबरोबर?

मराठी वाङ्मयात कण्या शिजतात त्या बहुधा दोनच घरांत. एक विदुराचे घर, दुसरे दुष्काळातल्या गरिबाचे. पहिल्या घरी देव जेवायला येतो, दुसऱ्या घरी पोरे भांड्याकडे डोळे लावून बसलेली असतात. दोन्हीकडे कण्या कशाची तरी खूण म्हणून येतात. भक्तीची किंवा दारिद्र्याची खूण पटली की लेखक त्या चुलीवरच ठेवून पुढे निघतो. कण्यांबरोबर ताक होते, वरण होते की नुसता मिठाचा खडा, हे सहसा कळत नाही. या लेखात मला तेवढेच विचारायचे आहे. हा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, पण तो लावून पाहिला की आपल्या काही परिचित मजकुरांचा अर्थ हलतो, असा माझा अनुभव आहे.

आधी पदार्थाविषयी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कणी म्हटले की तांदळाचा चुरा आठवेल. परभणी जिल्ह्यात कण्या म्हणजे ज्वारीच्या. ज्वारीला पाण्याचा हात लावायचा, कांडून वरचा कोंडा सैल करायचा, वाळवून पाखडायची आणि जात्यावर जाडसर भरडायची. चाळणीखाली पडेल ते पीठ, वर राहतील त्या कण्या. आधणात मीठ घालून त्या वैरायच्या, गुठळी होऊ न देता हलवत राहायचे, दाट झाल्या की झाकण ठेवून निखाऱ्यावर मुरू द्यायच्या. त्यावर करडईचे तेल आणि लसणाची चटणी, किंवा तुरीचे वरण, मुलांसाठी दूध-गूळ. रात्रीच्या उरल्या तर सकाळी ताकात कालवून, सोबत कांदा. दात न आलेल्यांना, दात पडलेल्यांना आणि तापातून उठलेल्यांना घरात पहिल्यांदा हेच दिले जाते. इंग्रजीत अशा अन्नाला ‘कम्फर्ट फूड’ म्हणतात. आपल्याकडे वेगळा शब्द नाही. पोटाला आधार झाला, एवढे म्हटले की पुरते.

गंगाखेड, पालम, पाथरी, सेलू, जिंतूर या तालुक्यांत जात्यावरच्या ओव्या आणि जुन्या खाण्याच्या आठवणी मी बरीच वर्षे टिपून घेत आलो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात आली. म्हाताऱ्या बायांना ‘तुम्ही कण्या खात होता का?’ असे विचारले, तर उत्तर गरिबीचे येते. हाल होते, काय करणार, खाव्या लागायच्या. आवाज खाली जातो. त्याच बाईला ‘कशाबरोबर खात होता?’ असे विचारले, की बोलणे वेगळ्याच वाटेने जाते. कोणत्या ज्वारीच्या कण्या फुलायच्या, ताक किती आंबट हवे, सासूच्या हातच्या कशा व्हायच्या आणि जावेच्या कशा, हे सगळे निघते. पहिल्या प्रश्नाला आपण शिकलेल्या माणसाला जे ऐकायचे असते ते मिळते. दुसऱ्याला चव मिळते. आपल्या साहित्याने आणि समीक्षेने आजवर बहुतेक पहिलाच प्रश्न विचारला आहे.

विदुराच्या घरापासून सुरुवात करू. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास येतो, दुर्योधनाचे भोजन नाकारतो आणि विदुराकडे जेवतो. नाकारण्याचे कारण तो स्पष्ट सांगतो. दुसऱ्याचे अन्न खावे ते प्रेमापोटी किंवा आपत्तीत सापडल्यावर. दुर्योधनाच्या ठायी प्रेम नाही आणि कृष्णावर आपत्ती आलेली नाही. मग विदुर जे वाढतो त्याचे वर्णन शुचिर्भूत आणि गुणयुक्त अन्नपान असे आहे. तिथे कण्या नाहीत. व्यासांचा विदुर दासीपुत्र असला तरी राज्याचा मंत्री आहे आणि त्याच्या घरी पाहुण्याला साजेसे जेवण आहे.

कण्या पुढे लोकपरंपरेने घातल्या. सूरदासांच्या नावे उत्तरेत गायल्या जाणाऱ्या भजनात विदुराघरी साग आहे. दुसऱ्या एका कथेत विदुराची पत्नी भान हरपून केळ्याची साल देवाला भरवते. मराठीत मात्र कण्या. प्रत्येक मुलखाने आपल्याकडचे साधे अन्न विदुराच्या ताटात वाढले आहे. कोकणातला श्रोता तिथे तांदळाच्या कण्या पाहत असेल; गोदाकाठचा श्रोता ज्वारीच्याच पाहणार.

तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात या कण्या येतात. देव उंच-नीच पाहत नाही, हा त्याचा विषय. पुढे यादी येते: दासीपुत्र विदुर, रोहिदास, कबीर, सावता, नरहरी, चोखामेळा आणि शेण्या वेचणारी नामयाची जनी. देव प्रत्येकाच्या कामाला हात लावतो. कातडे रंगवतो, शेले विणतो, मळा खुरपतो. ही यादी सलग वाचली की विदुराच्या कण्यांची जागा ध्यानात येते. हातांनी राबणाऱ्यांच्या पंक्तीत बसवण्यासाठी मराठी परंपरेने मंत्री विदुराला आधी गरीब केले. संस्कृतात जे प्रेमाचे अन्न होते, ते आपत्तीच्या अन्नाच्या रूपात वाढले आणि तरीही ते प्रेमाचेच राहिले. महाभारतातला कृष्ण ज्या दोन गोष्टी वेगळ्या करतो, त्या या कण्यांत एकत्र शिजतात. माझ्या मते ही मराठी संतकवितेची मोठी सूझ आहे.

पण तिची मर्यादाही इथेच आहे. अभंगात देव कण्या खातो आणि प्रशंसा होते ती देवाची. कण्या जितक्या हलक्या, तितका देव मोठा. त्या चांगल्या लागल्या म्हणून खाल्ल्या, असे मानले तर दृष्टांत ढिला पडतो. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील दळण-कांडणाच्या अभंगांत विठ्ठल जात्याला हात लावतो. जाते फिरते, कष्ट वाटले जातात, पण त्या दळणाचे पुढे काय शिजले आणि जनीच्या ताटात किती आले, हे आपण विचारत नाही. दासीच्या कष्टांना देवाचा हात मिळाला. तिच्या जिभेविषयी आपल्याला काही ठाऊक नाही.

आता दुसरे घर. आधुनिक मराठी साहित्यात भुकेचे प्रतीक झाली ती भाकरी. नारायण सुर्वे यांनी तिला चंद्र केले आणि तो चंद्र मराठी वाचकाच्या मनात कायमचा राहिला. कण्यांना असे भाग्य लाभले नाही. याचे एक साधे कारण मला आकारात दिसते. भाकरी गोल असते, मोजता येते, अर्धी करता येते, चोरता येते, फडक्यात बांधून नेता येते. कण्यांना आकार नाही. भांडे जसे तशा त्या. अर्धी भाकरी म्हटले की चित्र उभे राहते, अर्ध्या कण्या असे म्हणता येत नाही. प्रतिमा होण्यासाठी लागणारी कडाच या पदार्थाला नाही.

इटलीतल्या पोलेंटाकडे पाहिले की हा मुद्दा पक्का होतो. पोलेंटा म्हणजे भरडलेले धान्य पाण्यात हलवत शिजवलेला घट्ट घाटा. आज तो मक्याचा असतो. मका अमेरिकेतून येण्याआधी तो इतर भरड धान्यांचा होता. मांझोनी यांच्या ‘वाग्दत्त वधूवर’ या 1827 साली पूर्ण प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, सहाव्या प्रकरणात, तोनियो नावाच्या शेतकऱ्याच्या घरी राखाडी रंगाचा पोलेंटा चुलीवरून उतरतो. तो लाकडी फळीवर पालथा केला जातो, त्याला गोल आकार येतो आणि मांझोनीही त्याला वाफेच्या खळ्यातल्या लहानशा चंद्राची उपमा देतात. दोन भाषांतले दोन लेखक, मध्ये शंभरावर वर्षे, आणि भुकेल्याच्या अन्नात दोघांनाही चंद्र दिसतो. दोन्ही ठिकाणी अन्नाला गोल कड होती म्हणून तो दिसला. मांझोनी पुढे पाहतात ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पोलेंटाचा गोळा खाणाऱ्यांच्या संख्येवर ठरलेला नाही, त्या वर्षीच्या पिकावर ठरलेला आहे. नायक रेन्झो तोनियोला खाणावळीत घेऊन जातो, तेव्हा एक वाटेकरी कमी झाला म्हणून घरातली पोरे खूश होतात. लेखक धान्य कोणते, रंग कोणता, फळी कशाची आणि खाणारे किती हे सांगतो. त्या तपशिलातून दारिद्र्य कळते, त्यासाठी वेगळे वाक्य लागत नाही.

दलित आत्मकथनांनी मराठीत हे काम मोठ्या ताकदीने केले. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘अक्करमाशी’ (1984) यांच्यानंतर अन्नाविषयी निरागसपणे लिहिणे कठीण झाले, आणि ते बरे झाले. पण भुकेची साक्ष देणाऱ्या या लेखनाचे वाचन आपण समीक्षकांनी भुकेपाशीच थांबवले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकाने ती कोंडी फोडली. मराठवाड्यातल्या दलित घरांतले पदार्थ ते कृतीसह नोंदवतात आणि कोणता भाग कोणाच्या वाट्याला का आला, हेही सांगतात. त्या पुस्तकात चव आणि अपमान एकाच पानावर राहतात. ‘कशाबरोबर’ हा प्रश्न गांभीर्याने विचारला तर काय हाती लागते, याचा मराठवाड्यातला हा पुरावा आहे.

इथे कोणी म्हणेल, ही जुन्या चवीची हळहळ आहे. तसे होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. नुसत्या कण्या आणि नुसती भाकरी यांवर जगणाऱ्यांना आपल्या पठारावर पेलाग्रा होत असे. कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, मनावर परिणाम होतो. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली ‘लॅन्सेट’मध्ये ज्वारी खाणाऱ्या गरिबांच्या या रोगावर लिहिले. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. परभणी जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संशोधनाचा विषय असलेले खाणे आमचेच खाणे होते. उत्तर इटलीत नुसत्या पोलेंटावर जगणाऱ्या शेतमजुरांत हाच रोग शतकभर होता. मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळून घेण्याची मेक्सिकोतली रीत धान्याबरोबर युरोपात गेली नाही, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे मक्याच्या कण्यांना ‘ग्रिट्स’ म्हणतात, तिथेही विसाव्या शतकाच्या आरंभी ही साथ होती. तो संसर्ग नसून निकस आहाराचा परिणाम आहे, हे 1914 नंतर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले.

म्हणजे वैद्यकानेही अखेर तोच प्रश्न विचारला. वरण आणि ताक बरोबर असेल तर कण्या अन्न ठरतात, काहीच नसेल तर त्याच माणसाला झिजवतात. फरक कण्यांत नाही, सोबतीत आहे. आणि सोबत काय असेल हे मजुरी, जमीन, जात आणि दुभत्या जनावरावर ठरत होते. ‘कशाबरोबर’ या प्रश्नात चव आणि अर्थकारण असे दोन्ही भरलेले आहे. म्हणून केवळ चवीचे कौतुक करणारा लेख आणि केवळ भुकेचा कळवळा दाखवणारा लेख मला सारखेच अपुरे वाटतात.

1972 च्या दुष्काळाची आठवण सांगताना माणसे ‘मिलो’ हा शब्द अजून उच्चारतात. परदेशातून आलेली ती लालसर ज्वारी. तीही ज्वारीच होती, तिच्याने जीव वाचले, पण तिची आठवण कोणी जीभ चाटत सांगत नाही. मालदांडीच्या कण्यांची सांगतात. दोन्ही आपत्तीत खाल्लेल्या असू शकतात. माणूस भुकेला असतानाही चव ओळखतो, हे मान्य न करणे हाही एक प्रकारचा अनादरच आहे.

अलीकडे तिसरे घर उघडले आहे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांचे ‘श्रीअन्न’ असे नामकरण झाले. त्याआधी, 2018 मध्ये, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला. हे काम मोलाचे आहे. पण त्याच जिल्ह्याच्या खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि अनेक घरांत रेशनचा गहू-तांदूळ आला. आता कण्या शहरात पाकिटातून मिळतात, ‘ज्वारी रवा’ या नावाने. पाकिटावर तंतुमय पदार्थांचे प्रमाण छापलेले असते. अमेरिकेत ग्रिट्सचे असेच झाले. कोळ्यांची साधी न्याहारी असलेले कोळंबी-ग्रिट्स 1985 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून गाजले आणि बड्या उपाहारगृहांत गेले.

पदार्थ वर चढला याचे मला दुःख नाही. माझा आक्षेप नावाला आहे. ‘श्रीअन्न’ या शब्दात विदुर नाही, जनी नाही, मिलो नाही आणि पेलाग्राही नाही. कण्या पूर्वी भक्तीची खूण होत्या, मग दारिद्र्याची झाल्या, आता आरोग्याची झाल्या. तिन्ही वेळा त्या भरडणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही की तुला त्या कशा आवडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. मराठी समीक्षेने त्या नाती, देव आणि दुःख यांसाठी वाचल्या. त्या आता जिभेसाठीही वाचायला हव्यात. दळणारीच्या तोंडून धान्याचे, ताटाचे, वाढण्याचे तपशील कुठे येतात आणि कुठे ती मुद्दाम गप्प राहते, याची नोंद व्हायला हवी.

ज्यांनी कण्या स्वतः भरडल्या आणि रांधल्या, अशा बाया आमच्या भागात आता सत्तरीच्या पुढे आहेत. पुढची पिढी गिरणीच्या दळणावर वाढली. म्हणून वाचकांना एक सुचवतो. या दिवाळीत घरात अशी कोणी आजी, आत्या, मावशी असेल तर तिला गरिबीविषयी विचारू नका. ते ती न विचारताही सांगेल. कण्या कशाबरोबर खायचात, एवढेच विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.